मूत्रमार्गाची सळई : प्रकार आणि पथ्ये

'अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती ऐकली की बैठकीत हशा पिकतो. पण ज्याला ते दुखणे असते तो मात्र हसत नाही, खाली मान घालून बसतो. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते त्या माणसाविषयी. वसंतातल्या व्याख्यानमालेत काव्य, इतिहास, राजकारण हे विषय शोभतात; तेथे लघवीच्या वाटेचे काय काम, अशी शंका कोणी काढील. ज्या गोष्टीविषयी घरात बोलता येत नाही तिच्याविषयी निदान व्यासपीठावर तरी बोलावे, एवढेच आमचे उत्तर आहे.

आपला खटाव-माणचा मुलूख उन्हाचा आणि कमी पाण्याचा. चैत्र-वैशाख आला की 'उन्हाळी लागली' ही तक्रार घरोघर ऐकू येते. लघवीला आग होते, थेंबथेंब होते. मग धण्याजिऱ्याचे पाणी, सब्जा, ताक असे उपाय चालतात. पाणी कमी पडल्याने झालेली साधी जळजळ भरपूर पाणी प्याल्याने ओसरतेही. परंतु धार महिन्यामागून महिने बारीक होत चालली, दोन फाट्यांनी पडू लागली, जोर केल्याखेरीज सुटेनाशी झाली आणि उठल्यावरही काही राहिल्यासारखे वाटू लागले, तर ती उन्हाळी नव्हे. वाटच कोठेतरी अडली आहे. उतारवयात हा अडथळा बहुधा प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने होतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. पण कित्येकांच्या बाबतीत, विशेषतः तरुण व मध्यम वयाच्या पुरुषांत, मूत्रमार्गाच्या आत वण धरून नळी आवळलेली असते. यालाच मूत्रमार्गसंकोच म्हणतात.

हा वण अनेक कारणांनी धरतो. वाहनाच्या अपघातात कमरेचे हाड मोडणे, झाडावरून किंवा सायकलीवरून दोन पायांत मार बसेल असे पडणे, परम्यासारखा गुप्तरोग, शिश्नाच्या टोकाची कातडी पांढरी व कडक करणारा एक त्वचारोग, किंवा पूर्वी घातलेल्या नळीने झालेली इजा, ही त्यांतली मुख्य. अडलेली लघवी मागे साचते, तिच्यात जंतू वाढतात, खडे धरतात आणि शेवटी मूत्रपिंडांवर ताण येतो. लाजेपायी लांबवलेल्या दुखण्याची किंमत ही अशी असते.

अडलेली वाट मोकळी करण्याचे जुने साधन म्हणजे सळई. आपल्याकडे तिची परंपरा फार जुनी आहे. सुश्रुताने एकशे एक यंत्रे सांगितली, त्यांत अठ्ठावीस शलाका आहेत. मूत्रमार्गाच्या शोधनासाठी जी शलाका त्याने सांगितली तिचे टोक मालतीच्या फुलाच्या देठासारखे गोल असावे, असे तो म्हणतो. शिश्नाच्या टोकाची कातडी आवळली असता तूप लावलेली नळी घालावी आणि दर तीन दिवसांनी ती थोडी जाड करीत न्यावी, असाही उपचार त्याने दिला आहे. गोल टोक, स्निग्धपणा आणि सावकाश वाढविलेली जाडी, ही तिन्ही तत्त्वे आजही बदललेली नाहीत.

इंग्रजीत या सळईला 'साउंड' म्हणतात. या नावाचा मूळ अर्थ आवाज असा नव्हे. पाण्याचा ठाव घेणे असा आहे. तरीही आवाजाचा एक उपयोग होताच. १८९५ साली रंटगेनने क्ष-किरण शोधून काढले, त्याआधी मूत्राशयातला खडा ओळखण्यासाठी वैद्य धातूची सळई आत घालून ती खड्यावर टक् वाजते का, हे ऐकत असत.

सळयांचे प्रकार पुष्कळ आहेत. येथे मुख्य तेवढे सांगतो. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटिमीटर लांब व वळणांचा असतो, म्हणून पुरुषांच्या सळईचे टोक वर वळलेले असते. स्त्रीचा मार्ग सुमारे ४ सेंटिमीटरच असल्याने तिच्यासाठीची सळई आखूड व जवळजवळ सरळ असते. जंतुनाशक शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्या लिस्टरच्या नावाची सळई आपल्याकडे फार दिसते. तिची मूठ गोल चकतीसारखी, टोक किंचित फुगीर आणि मुठीवर ९/१२ असे दोन आकडे असतात. पहिला टोकाच्या जाडीचा, दुसरा दांड्याच्या. क्लटनच्या सळईची मूठ व्हायोलिनच्या आकाराची असते आणि दोन आकड्यांत तीनऐवजी चारांचे अंतर असते. वाट फारच अरुंद असेल तेव्हा आधी केसासारखी बारीक, मऊ काडी पलीकडे सरकवतात आणि तिच्या मागे जाड नळी जोडून नेतात. आज दुर्बिणीतून पाहत बारीक तार आधी पलीकडे घालतात व तिच्यावरून पोकळ, मऊ विस्फारक सरकवतात. डोळ्यांना दिसत असल्याने ही रीत अधिक सुरक्षित आहे.

जाडी मोजण्याचे रूढ माप फ्रेंच आहे. पॅरिसचा हत्यारे बनविणारा कारागीर शारिएर याने ते एकोणिसाव्या शतकात रूढ केले. आकड्याला तीनांनी भागले की मिलिमीटरमध्ये व्यास मिळतो. १८ नंबर म्हणजे ६ मिलिमीटर, २४ नंबर म्हणजे ८. जुन्या सळयांवरचे आकडे पुष्कळदा इंग्रजी मापाचे असतात. त्या दोहोंचा घोटाळा होऊ देऊ नये.

आता पथ्यांकडे वळू. सर्वसामान्य समजूत अशी, की बारीक सळई निर्धोक आणि जाड सळई धोक्याची. धातूच्या सळईबाबत खरे आहे ते नेमके उलट. बारीक धातूचे टोक सुईसारखे भिंतीत घुसते आणि खऱ्या वाटेच्या शेजारी 'खोटी वाट' पडते. एकदा ती पडली की पुढची प्रत्येक सळई तिच्यातच शिरू पाहते. म्हणून जाणता शल्यवैद्य मध्यम जाडीपासून आरंभ करतो, सळईला तिच्याच वजनाने उतरू देतो आणि अडली तर रेटत नाही. एका बैठकीत दोन-तीन नंबरांपलीकडे तो जात नाही. रक्त दिसले तर तेथेच थांबतो.

त्याआधीची तयारीही तितकीच महत्त्वाची असते. लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग असल्यास तो आधी बरा केला पाहिजे. चालू संसर्गात सळई घातली तर जंतू रक्तात शिरतात. हत्यार वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेले हवे. नुसते उकळून किंवा पुसून भागत नाही. बधिर करणारी जेली मार्गात सोडून काही मिनिटे थांबावे. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा हृदयात कृत्रिम झडप असेल, तर ते रुग्णाने आधी सांगावे. अपघातानंतर शिश्नाच्या टोकाशी रक्त दिसत असेल तर तपासणीआधी कोणीही तेथे काही घालू नये. लघवी पूर्ण तुंबली असेल तर बेंबीखालून पोटातून नळी घालून मूत्राशय रिकामे करता येते. हा उपाय दिसावयास भीतिदायक, पण पुष्कळदा जास्त सुरक्षित असतो. सळई घातल्यानंतर थंडी वाजून ताप आला, रक्त थांबेना किंवा लघवी बंद झाली, तर रात्र आहे म्हणून थांबू नये. लगेच दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. कधी त्रासाने, कधी कुतूहलाने, कधी सुखाच्या इच्छेने माणसे स्वतःच तार, काडी, पेनातली कांडी असे काही आत घालतात. ही वस्तू सहज मूत्राशयात निसटते आणि तेथे तिच्याभोवती खडा धरतो. असे घडले तर ती ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये व डॉक्टरांपासून लपवू नये. डॉक्टरांनी असे रुग्ण पाहिलेले असतात, आणि दुर्बिणीतून ती वस्तू बहुधा काढता येते.

काही रुग्णांना डॉक्टर घरी स्वतः मऊ नळी घालावयास शिकवितात. ती गोष्ट वेगळी. तेथे हात धुणे, नळी स्वच्छ असणे, जेली लावणे आणि सांगितलेल्या मापाबाहेर न जाणे, हे नियम असतात.

सळईची मर्यादाही जाणली पाहिजे. ती वणाला ताणते, वण नाहीसा करीत नाही. आखूड, नव्या संकोचात तिचा उपयोग होतो. परंतु संकोच पुन्हा आला तर वर्षानुवर्षे सळई घालून घेत राहण्यापेक्षा नळीची दुरुस्ती करून घ्यावी, हा आजचा वैद्यकीय विचार आहे. या कामात आपल्या महाराष्ट्राचे नाव मोठे आहे. गालाच्या आतल्या अस्तराचा तुकडा घेऊन मूत्रमार्ग रुंद करताना नळी एकाच बाजूने सोडवावयाची, म्हणजे दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा व मज्जातंतू शाबूत राहतात, ही पद्धत पुण्याचे शल्यविशारद डॉ. संजय कुलकर्णी यांनी २००९ साली प्रसिद्ध केली. ती जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. स्त्रियांमध्ये तर खरा संकोच विरळा असतो. नुसत्या जळजळीसाठी त्यांना पुनःपुन्हा सळई घालण्याला आज आधार उरलेला नाही.

सळई कोणी, कोणत्या तपासणीनंतर आणि किती वेळा घालावयाची, हे प्रश्न रुग्णाने विचारावेत. ते विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. क्ष-किरणांचा फोटो आणि धारेचा वेग मोजणारी तपासणी यांवरून संकोच कोठे व किती आहे ते कळते, आणि साताऱ्यास, कऱ्हाडास किंवा मिरजेस त्यासाठी जाणे आता अवघड राहिलेले नाही. आपल्या घरात एखादे वडीलधारे मोरीत फार वेळ उभे राहत असतील, किंवा अपघातातून उठलेला मुलगा पाणी पिण्याचे टाळीत असेल, तर त्याला हसू नका आणि त्याच्या बोलण्याची वाटही पाहू नका. तुम्हीच विचारा, आणि त्याच्याबरोबर दवाखान्यात जा.