दारूची लंका

परभणी जिल्ह्याचं रान सपाट आहे. उत्तरेला जिंतूरचे डोंगर आणि दक्षिणेला गंगाखेडच्या पलीकडे बालाघाटाच्या रांगा सोडल्या, तर मधे सगळा गोदावरी, दुधना आणि पूर्णेच्या काठचा काळा पट्टा. या पट्ट्यात रात्री एखाद्या वरातीत शोभेच्या दारूचा गोळा वर गेला, की तो चार गावांना दिसतो. आधी दिसतो, मग ऐकू येतो. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचो तेव्हा उजेड दिसला रे दिसला, की आम्ही भावंडं आकडे मोजायला लागायचो. तीनला आवाज आला तर वरात एक किलोमीटरवर, नऊला आला तर तीन. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो हे शाळेत नंतर कळलं. हिशेब आधीच पाठ झाला होता.

आमच्याकडं थीम पार्क नाही. दर फेब्रुवारीत परभणीला सूफी संत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात पाळण्यांचं आणि दुकानांचं गाव उभं राहतं, तेच आमचं पार्क. पण अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या मोठ्या पार्कांतल्या रात्रीच्या आतषबाजीची चित्रफीत पाहिली, की मला ती परकी वाटत नाही. दिवसभर पाय तुटेस्तोवर हिंडलेली हजारो माणसं तळ्याकाठी किंवा वाड्यासमोर बसून राहतात. दिवे मालवले जातात. संगीत सुरू होतं, कुणीतरी गोष्ट सांगू लागतं आणि मग आकाश बोलायला लागतं. ही सगळी मांडणी, म्हणजे अंधार, गोष्ट, पात्रं आणि शेवटी सगळं एकदम पेटणं, मराठी माणसानं पुण्यात सव्वादोनशे वर्षांपूर्वी पाहिली आहे.

ही हकिकत पेशव्यांच्या बखरीत आहे. ती शोधून जगापुढं ठेवली परशुराम कृष्ण गोडे यांनी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ते क्युरेटर. अत्तर, तंबाखू, मेंदी, मोदक अशा इतिहासकारांनी बाजूला टाकलेल्या वस्तूंचा माग त्यांनी आयुष्यभर काढला. इसवी सन १४०० ते १९०० या काळातल्या भारतातल्या आतषबाजीवरचा त्यांचा इंग्रजी निबंध आजही या विषयाचा पाया आहे.

महादजी शिंदे १७९२ साली उत्तरेतून पुण्याला आले. पेशवे सवाई माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे होते. बोलण्याच्या ओघात महादजींनी राजस्थानातल्या कोट्याच्या दिवाळीची गोष्ट काढली. तिथं चार दिवस लाखो दिवे लागतात आणि राजा राजधानीबाहेर दारूची लंका उभी करतो. मधोमध रावण, भोवती राक्षस आणि वानर, आणि दारूनंच भरलेला एक मोठा हनुमान. त्याच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडतो आणि लंकेतलं एकेक घर पेटवत जातो. हे ऐकून तरुण पेशव्याला ते बघायची ओढ लागणार नाही तर काय! महादजींना तशी लंका करवण्याची आज्ञा झाली. पर्वती टेकडीच्या पायथ्याशी ती रचली गेली. काळोखी रात्र निवडली, पेशवे आणि सरदार पर्वतीवर बसले आणि खाली पुण्याची माणसं लोटली.

मला या हकिकतीत दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे काळोखी रात्र. चांदण्यात दारूकाम फिकं पडतं, हे त्या कारागिरांना ठाऊक होतं. दुसरी म्हणजे बसण्याची जागा. आपण आतषबाजी बघतो ती मान वर करून. पेशव्यांनी ती वरून खाली पाहिली, जणू लंका जळताना हनुमानाच्या डोळ्यांनी दिसावी म्हणून. ही केवळ सोय नसावी, तो नाटकाचा विचार असावा. हनुमान उडाला कसा? माझा कयास असा, की तो दोरीवरून उडाला. दोरीवर नळी ओवायची, तिला बाण बांधायचा आणि बाणाच्या जोरावर बाहुलं पळवायचं, ही युक्ती युरोपातल्या जुन्या दारूकामातही होती. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये १९६१ साली आतषबाजीच्या वेळी टिंकर बेल ही परी आकाशातून आली, तीही तारेवरूनच. ती परी झालेली टायनी क्लाइन सर्कशीत आयुष्य काढलेली बाई होती, आणि तेव्हा तिचं वय सत्तरीचं होतं.

‘दारू’ या शब्दाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण तो ऐकला की पहिल्यांदा बाटलीच आठवते. फारसीत दारू म्हणजे औषध. ज्या चीनमध्ये ही वस्तू जन्माला आली, तिथंही तिचं नाव ‘अग्नीचं औषध’ असंच आहे. सोरा, गंधक आणि कोळसा ही तीनच द्रव्यं. ७५, १० आणि १५ हे त्यांचं रूढ झालेलं प्रमाण. कोळसा आणि गंधक जळतात, आणि त्यांना लागणारा प्राणवायू सोरा स्वतःच्या पोटातून देतो. म्हणून दारू बंद नळीतही पेटते आणि नळीला वर ढकलते.

दख्खनेत ही विद्या लवकर रुजली. विजयनगरच्या महानवमीचं वर्णन करणारा इराणी वकील अब्दुर रझाक १४४३ साली तिथं आतषबाजी झाल्याचं लिहून ठेवतो. शेजारच्या ओडिशाचा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या नावावरच्या ‘कौतुकचिंतामणी’ या संस्कृत ग्रंथात दारूकामाच्या कृती दिल्या आहेत. आमच्या गोदावरीच्या वरच्या अंगाला असलेल्या पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात रुक्मिणीस्वयंवर लिहिलं, तेव्हा कृष्णाच्या लग्नात त्यांनी दारूकामही आणलं. कृष्णाच्या लग्नात दारू कुठली, असा प्रश्न त्यांच्या श्रोत्यांना पडला नसावा, कारण त्यांनी पाहिलेल्या लग्नांत ती होतीच. आणि १६०९ साली विजापूरच्या इब्राहिम आदिलशहानं आपल्या एका सरदाराची मुलगी मलिक अंबरच्या मुलाला दिली, तेव्हा नुसत्या आतषबाजीवर ८०,००० रुपये गेल्याची नोंद आहे. मलिक अंबर ज्या निजामशाहीचा वजीर, तिचे मूळ पुरुष परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी, असं फिरिश्ता सांगतो. पाथरीवर ताबा मिळवायला बुऱ्हाण निजामशहा वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढला तो याच नात्यानं. त्या ८०,००० रुपयांच्या उजेडात म्हणून मला आमच्या जिल्ह्याचाही एक कवडसा दिसतो.

तिकडं युरोपात आतषबाजी आधी राजांच्या अंगणात होती, मग तिकीट काढून आत जायच्या बागांत आली. कोपनहेगनची टिवोली बाग १८४३ साली उघडली. पाळणे, संगीत, दिव्यांच्या माळा आणि आतषबाजी असा पुढच्या सगळ्या पार्कांचा नमुना तिथं दिसतो. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रॉक घराण्यानं १८६५पासून दारूकाम केलं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पेन नावाच्या इंग्रज घराण्यानं १८८०च्या दशकात पाँपेई शहराचा देखावा उभारून, माणसांची पात्रं नाचवून, शेवटी ज्वालामुखी फोडून सगळं शहर रात्रीमागून रात्र जाळलं. त्या प्रकाराला तिकडं अग्निनाट्य म्हणत. पर्वतीखालची लंका त्याआधी नव्वद वर्षांची. दोन्ही ठिकाणी जळणारं शहर प्रेक्षकाला आधीपासून माहीत होतं. जी गोष्ट ठाऊक आहे ती आता पेटणार आहे, या वाट बघण्यातच गंमत असते.

डिस्नीलँड १९५५च्या जुलैमध्ये उघडलं, आणि पुढच्याच वर्षी तिथं रात्रीची आतषबाजी सुरू झाली. हेतू व्यवहाराचा होता: लोकांनी संध्याकाळी घरी जाऊ नये, थांबावं, जेवावं. पण एकदा रोजचा खेळ म्हटल्यावर रोजचं कसब आलं. वर्षातून एकदा होणाऱ्या जत्रेत एखादा गोळा उशिरा फुटला तर कुणी हिशेब मागत नाही. रोज रात्री संगीताच्या ठोक्यावर फुटायचा असेल, तर उलटी मोजणी करावी लागते.

या उलट्या मोजणीतच सगळी कारागिरी आहे. गोळा म्हणजे कागदाच्या थरांचं कवच. आत दारूच्या वड्या रचलेल्या, त्यांना कारागीर तारे म्हणतात. मधे कवच फोडणारी दारू, खाली उचलणारी दारू, आणि या दोहोंमध्ये वेळ राखणारी वात. जुन्या उखळी तोफेसारख्या नळीतून गोळा सुटतो तेव्हाच ती वात पेटते. साधारण दीडशे मिलिमीटरचा गोळा दीडपावणेदोनशे मीटर वर जायला चारेक सेकंद घेतो. म्हणजे संगीतात जिथं ठोका पडायचा, त्याच्या चार सेकंद आधी बत्ती. लहान गोळ्याला कमी, मोठ्याला जास्त. त्यात प्रेक्षक पाव मैलावर असेल तर आवाजाचा सेकंदभर उशीर. पूर्वी हे अनुभवी माणसाच्या हातात होतं. आता वातीला विजेची तार जोडतात आणि संगणक घड्याळ धरून ठिणगी देतो. डिस्नीलँडनं २००४ साली उचलणारी दारूच काढून टाकली आणि दाबलेल्या हवेनं गोळे फेकायला सुरुवात केली. जमिनीलगतचा धूर कमी झाला, वेळ अधिक नेमकी साधली.

रंगांची गोष्ट त्याहून सुंदर. पर्वतीखालच्या लंकेत आजच्यासारखे लाल-हिरवे रंग नव्हते. साध्या दारूची ज्वाळा सोनेरी-केशरी. लोखंडाचा कीस घातला तर तिच्यात फुलं उमलतात, आपला भुईनळा तसाच. पोटॅशियम क्लोरेट अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये तयार झालं आणि मग एकोणिसाव्या शतकात आकाश रंगलं. लाल स्ट्राँशियमचा, हिरवा बेरियमचा, पिवळा सोडियमचा, निळा तांब्याचा. निळा सर्वांत अवघड, कारण तो रंग देणारं तांब्याचं संयुग फार तापलं की मोडतं आणि कमी तापलं की उजेड पडत नाही. कुठंही आतषबाजी बघाल तेव्हा निळ्याकडं लक्ष ठेवा. तो शुद्ध उमटला, तर मागचा हात मुरलेला आहे असं खुशाल समजा.

हे हात मराठवाड्यातही आहेत. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात, सोलापूर–धुळे महामार्गावर तेरखेडा आहे. फटाक्यांचं गाव म्हणूनच ते ओळखलं जातं, आणि लोक त्याला महाराष्ट्राची शिवकाशी म्हणतात. तमिळनाडूतल्या शिवकाशीसारखीच इथली हवा कोरडी आणि पाऊस बेताचा. जो दुष्काळ शेतीला मारतो तो दारू वाळवायला उपयोगी पडतो. अशा कारखान्यांत शेड एकमेकींपासून दूर बांधलेल्या असतात, म्हणजे एक पेटली तरी दुसरी वाचावी. लोखंडी अवजार चालत नाही, लाकडाचं किंवा पितळेचं लागतं. अंगावर सुती कपडा, कारण नायलॉनच्या घर्षणातली एक ठिणगी पुरते. हे सगळे नियम असूनही तेरखेड्यात स्फोट झाले आहेत आणि माणसं गेली आहेत. आकाशात फुललेल्या फुलाला आपण वाहवा देतो तेव्हा ते वळणाऱ्या बोटांचीही आठवण व्हायला हवी, असं मला कळकळीनं वाटतं. त्यांचा विमा, त्यांच्या शेडचं अंतर, त्यांची मजुरी हा आतषबाजीच्या सौंदर्याचाच भाग आहे.

सांगली जिल्ह्यात तासगावजवळच्या कवठेएकंदला दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढं गावातली मंडळं स्वतः दारूकाम करतात. लाकडी शिंगटी, कागदी शिंगटी, औट, चक्रांची झाडं असे दारूकामाचे प्रकार रात्रभर चालतात. पार्कमधला प्रेक्षक तिकीट काढून बसतो, इथं प्रेक्षकाचा चुलतभाऊच बत्ती देतो. या जवळिकीची किंमतही गावानं अपघातांत मोजली आहे. केरळमध्ये कोल्लमजवळच्या पुट्टिंगल देवळात १० एप्रिल २०१६च्या पहाटे आतषबाजीच्या साठ्याला आग लागून शंभराहून जास्त माणसं मेली. पार्कांकडून उचलण्यासारखी पहिली गोष्ट संगणक नव्हे. साठा, बत्ती देणारा आणि प्रेक्षक यांच्यामधलं मोजलेलं अंतर आधी उचलायला हवं.

धुराचा प्रश्नही खरा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८च्या ऑक्टोबरमध्ये फटाक्यांवर वेळेचं बंधन घातलं आणि बेरियमच्या क्षारांना मनाई केली. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनं कमी धुराचे फटाके तयार केले. बेरियम गेलं म्हणजे आपला ओळखीचा हिरवा गेला. आता काही ठिकाणी ड्रोनच आकाशात चित्रं काढतात. ती रेखीव असतात, पण त्यांना उशिरा येणारा आवाज नाही, जळलेल्या गंधकाचा वास नाही आणि विझणं नाही. तारा पेटतो, लांबतो, राख होऊन खाली येतो, तेवढ्यात तोंडातून निघालेला ‘अहाहा’ हा शेजारच्या अनोळखी माणसाच्या ‘अहाहा’त मिसळतो. मला थोडा धूर आणि पुष्कळ अंधार असलेली, वर्षातून एकदाच होणारी आतषबाजी हवी आहे. रोजरात्रीच्या वरातीतले कानठळ्या बसवणारे सुतळी बॉम्ब त्या बदल्यात मी आनंदानं सोडून देईन.

परभणी शहराला पर्वती नाही. पण जिंतूरकडं डोंगरउतार आहेत, आणि पीक निघाल्यावर त्यांच्या पायथ्याला मोकळी रानं पडतात. तिथं एखाद्या अमावास्येला तेरखेड्याच्या आणि कवठेएकंदच्या कारागिरांकडून लंका रचून घ्यावी, माणसं उतारावर बसवावीत, खाली तीनशे मीटर रान कोरं ठेवावं. आवाजाचे गोळे नकोत. चक्रं, झाडं, धबधबे आणि सोनेरी नळे पुरेत. सगळ्यांनी मोबाइल खिशात ठेवावेत, जनरेटर बंद करावा आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला चांगली दहा मिनिटं द्यावीत. मग शेपटीला बत्ती.