राहणार कोठें?

आमच्या मंद्रूपाहून मनुष्य विजापूर-रस्त्यानें सोलापुरास राहावयास गेला, कीं त्याला प्रथम नांव पुसत नाहींत, 'राहणार कोठें?' असें पुसतात. खेड्यांत जें आडनांवावरून समजतें तें शहरांत पत्त्यावरून समजतें. साखर पेठ म्हटलें, कीं ऐकणाराच्या मनांत तेलुगु बोलणारा पद्मशाली व त्याचा माग उभा राहतो. मुलीसाठीं स्थळ पाहतांना आपल्या घरांतही हा प्रश्न पहिल्या पांचांत असतोच.

१८७७ सालीं 'जुनी मिल' निघाली, पाठोपाठ दुसऱ्या गिरण्या आल्या, व सोलापूर झपाट्यानें वाढलें. पोटासाठीं आलेला मनुष्य उसनवार देणारा, मुलीला वर सुचविणारा, आपली भाषा बोलणारा जेथें भेटे तेथेंच बिऱ्हाड करी. मराठी, कानडी, तेलुगु, उर्दू अशा निरनिराळ्या भाषांच्या वस्त्या यांतून झाल्या. त्यांत कोणाचा दोष काढावा असें मला वाटत नाहीं.

एक वस्ती मात्र राहणारांनीं निवडलेली नव्हती. गुन्हेगार जमातींचा १८७१ चा कायदा १९११ सालीं विस्तारला गेला, आणि पुढें सोलापुरास पारधी, कैकाडी, कंजारभाट इत्यादि लोकांस तारेच्या कुंपणांत ठेविलें. हजेरी द्यावयाची, परवानगीवांचून बाहेर जावयाचें नाहीं. तेथें जन्मलेलें मूलही गुन्हेगारच! कायदा १९५२ सालीं देशभर रद्द झाला, तार गेली. 'सेटलमेंट' हा शब्द पत्त्यांत राहिला. वेदान्ती ज्याला उपाधि म्हणतात तें हेंच. घट फुटला तरी लोक घटाकाशच म्हणत राहतात.

याच शहराला एक सामायिक ओळखही आहे. १९३० सालीं येथें लष्करी कायदा पुकारला गेला. त्या प्रकरणांत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी दिलें. नांवें ऐकून चार निरनिराळ्या आळ्या डोळ्यांपुढें याव्या. पण चौकांत पुतळे एकत्र उभे आहेत.

दर जानेवारींत हीं नांवें वर्गाकडून म्हणवून घेणारा मीच, एका जून महिन्यांत नव्या मुलांस उभें करून पत्ते विचारीत होतों. एकानें जवळच्या रस्त्याचें नांव सांगितलें. माझ्या हातांतल्या दाखल्यावर 'सेटलमेंट' होतें. "खोटें कां सांगतोस?" असें म्हणून मीं तो शब्द मोठ्यानें वाचला. मुलगा कांहीं बोलला नाहीं. मधल्या सुटीनंतर शेजारच्या मुलानें दप्तर उचलून दुसऱ्या बाकावर जागा धरली. मीं तें पाहिलें, आणि फळ्याकडे वळून श्लोकाचा अन्वय सांगूं लागलों.