चाळीस माणसं, एक गिटार आणि किती वॅट?

१९१६ साली अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने बोस्टनच्या ऑलिव्हर डिट्सन या वाद्यविक्रेत्यांसाठी नेहमीपेक्षा मोठ्या पोटाची आणि रुंद कमरेची गिटार घडवली. तिला नाव दिलं ‘ड्रेडनॉट’. दहा वर्षांपूर्वी पाण्यात उतरलेल्या आणि तेव्हा साऱ्या जगाच्या तोंडी असलेल्या ब्रिटिश युद्धनौकेचं हे नाव. हेतू एकच होता, वाद्याचा आवाज वाढवणं. आज दुकानात टांगलेल्या अकूस्टिक गिटारींपैकी बऱ्याचशा याच घाटाच्या असतात. एवढं करूनही, कॉफीचं यंत्र फुसफुसतंय, मागे मिक्सर चालू आहे आणि चाळीस माणसं गप्पा मारताहेत अशा पुण्यातल्या एखाद्या कॅफेत ती वाजवायला घ्या. तिसऱ्या टेबलापलीकडे फक्त वादकाचा हात हलताना दिसतो.

तेव्हा अँप हवाच, याबद्दल वाद नाही. वाद सुरू होतो तो कोणता घ्यायचा यावर. दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो, ‘किती वॅटचा आहे?’ आणि गाडी तिथेच चुकीच्या रुळावर जाते.

वॅट हा विजेचा हिशेब आहे, आवाजाचा नव्हे. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला तो ‘दुप्पट’ वाटायचा तर साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यामुळे ६० वॅटच्या जागी १२० वॅटचा खोका घेतला, तर मागच्या टेबलावर फरक कळतो, पण जेमतेम. जाहिरातीत ठळक छापतात वॅट. कामाचा आकडा असतो स्पीकरची संवेदनशीलता. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल ऐकू येतात, तो हा आकडा. ९० डेसिबलचा स्पीकर मिळालेल्या विजेतली एक टक्कासुद्धा आवाजात बदलत नाही, उरलेल्या विजेने कॉइल तापते. ८७ आणि ९३ डेसिबलच्या दोन स्पीकरमधला फरक हा चौपट वॅटइतका असतो.

हिशेब करूनच बघू. ९० डेसिबलचा स्पीकर, ६० वॅटचा अँप. पूर्ण ताकदीला १ मीटरवर सुमारे १०८ डेसिबल मिळतात. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, म्हणून ८ मीटरवर राहतात ९०. पण गिटारवर जोराने स्ट्रम केलं की क्षणभर उसळी येते. ती फाटू नये यासाठी १२ ते १५ डेसिबल हातचे राखावे लागतात. मग सरासरी पातळी येते ७५ ते ७८ डेसिबल. खोलीच्या भिंतींमुळे त्यात थोडी भर पडते. बोलणाऱ्या गिऱ्हाइकांनी भरलेल्या कॅफेतला गलबला ७० च्या आसपास सहज जातो. म्हणजे चाळीस माणसांसाठी ६० वॅट पुरतात. शंभर माणसांच्या लग्नाच्या हॉलसाठी पुरत नाहीत. आणि श्रोते निम्म्या अंतरावर बसवले तर फुकटात ६ डेसिबल मिळतात. त्यासाठी वॅट चौपट करावे लागले असते.

स्पीकरची उंची ही दुसरी फुकटातली गोष्ट. खोका जमिनीवर ठेवला की वरच्या पट्टीचे स्वर पहिल्या रांगेतल्या गुडघ्यांत आणि पोटांत जिरतात, तर खालचे स्वर जमिनीच्या आणि भिंतीच्या आधाराने फुगतात. परिणाम: पुढे घुमतंय आणि मागे काहीच स्पष्ट नाही. तोच खोका साध्या तिपाईवर, बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर नेला की वेगळाच अँप आणल्यासारखा भास होतो.

आवाज वाढवत नेणं हा उपाय वाटतो खरा, पण तो उलटतो. फ्रान्समधले कानाचे डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ साली एक निरीक्षण मांडलं. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. कॅफेतही हेच घडतं. वादक अँप वाढवतो, टेबलं ओरडून बोलू लागतात, मग वादक आणखी वाढवतो. अर्ध्या तासात गाण्याचं कोणाला काही नाही आणि सगळ्यांचे घसे बसलेले. म्हणून लहान मैफलीत जोरापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. पहिल्या टेबलाला त्रास होऊ नये आणि शेवटच्याला शब्द कळावेत, एवढं साधलं की काम झालं.

आता खोक्याच्या आधीची कडी, म्हणजे पिकअप. बहुतेकांचे पैसे चुकतात ते इथे. स्फटिक दाबला की वीज निर्माण होते, हे ज्याक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं. गिटारच्या ब्रिजवर हाडाची किंवा प्लॅस्टिकची जी पट्टी असते, त्या सॅडलच्या खाली याच तत्त्वावरची पिएझो पट्टी बसवतात. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामान यांच्या ओव्हेशन कंपनीने साठच्या दशकाच्या अखेरीस अशा गिटारी बाजारात आणल्या आणि ही पद्धत रुळली. पिएझोला माइकसारखा बाहेरचा गलका ऐकू येत नाही, हा मोठा फायदा. तोटा असा की स्ट्रमिंगला आवाज प्लॅस्टिकसारखा कडकड येतो.

शिवाय पिएझोला जास्त अवरोधाचा इनपुट लागतो. प्रीअँप (अँपआधीचा छोटा वर्धक) नसलेली साधी पट्टी घेऊ, तिची धारकता ५०० पिकोफॅरड धरू. ती १० मेगाओहमच्या इनपुटला जोडली तर ३० हर्ट्झपर्यंतचे स्वर शाबूत राहतात. १ मेगाओहमला जोडली तर सुमारे ३२० हर्ट्झच्या खाली आवाज घसरू लागतो. गिटारची सर्वांत बारीक तार मोकळी वाजवली की ३३० हर्ट्झ देते. म्हणजे बाकीच्या पाचही तारांचा मूळ स्वर उताराला लागला. आणि साउंड मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटला, जो काही हजार ओहमचाच असतो, तीच पट्टी जोडली तर डबा वाजल्यासारखं ऐकू येतं. वीस हजारांचा अँप घेऊनही ‘मजा येत नाही’ म्हणणाऱ्यांची गोची पुष्कळदा एवढीच असते. कारखान्यातून येणाऱ्या इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारीत प्रीअँप बसवलेला असतो आणि तो ९ व्होल्टच्या सेलवर चालतो. जॅक खुपसला की तो चालू होतो, म्हणून केबल रात्रभर लावून ठेवली तर सकाळी सेल उतरलेला मिळतो.

मग ती फीडबॅकची बदनाम शिट्टी. खरं तर अकूस्टिक गिटारची तक्रार ‘कुईं’ची कमी आणि ‘हूंऽऽ’ची जास्त. स्पीकरचा आवाज गिटारच्या पोटाला हलवतो, पोट पिकअपला, पिकअप अँपला, आणि फेरा पुरा होतो. एका फेऱ्यात आवाज जरा जरी वाढून परतला आणि लाटा एकमेकींत बरोबर बसल्या, की तो स्वतःच स्वतःला वाढवत सुटतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो.

हा फेरा कोणत्या स्वराला धरतो, ते गिटारच्या पोटातली हवा ठरवते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जसा एकच सूर निघतो, तसा साउंडहोलमधून हवेचा एक ठरलेला सूर असतो. ड्रेडनॉटच्या बाबतीत तो १०० हर्ट्झच्या आगेमागे. तो शोधायला यंत्र लागत नाही. तोंड साउंडहोलजवळ नेऊन खालच्या सुरात ‘ऊऽऽ’ म्हणत हळूहळू वर सरकायचं. एका जागी गिटार हातात थरथरते, तोच तो सूर. जाड्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ९८ हर्ट्झचा जी लागतो, मोकळी पाचवी तार ११० हर्ट्झ देते. गुन्हेगार साधारण या दोघांच्या शेजारी सापडतो.

इलाज तीन. पहिला, शंभर-दोनशे नव्हे तरी काहीशे रुपयांत मिळणारं रबरी झाकण साउंडहोलवर बसवणं. ते दिसायला कसंतरीच दिसतं, पण सगळ्यांत गुणकारी तेच. दुसरा, अँपवरचा नॉच: ठरावीक सुराभोवतीची अरुंद पट्टी तेवढी तो कापतो, बाकी आवाज तसाच. तिसरा, फेजचं बटण. ते दाबलं की लाटा उलट्या होतात आणि बसणारा फेरा मोडतो; कधी लागू पडतं, कधी नाही. बेस सरसकट कमी करणं हा मात्र इलाज नव्हे. त्याने शिट्टी जाते आणि गिटारही जाते.

एवढं कळलं की खोका निवडणं सोपं होतं. जर्मनीच्या एईआरचा कॉम्पॅक्ट ६० हा ६० वॅट, ८ इंची स्पीकर आणि साडेसहा किलोचा. फिशमनचा लाउडबॉक्स मिनी हाही ६० वॅटचा, साडेसहा इंची वूफर आणि वेगळा ट्वीटर असलेला, सुमारे ९ किलोचा. दोन्हींत गिटारला एक आणि गाण्याच्या माइकला एक असे दोन चॅनल आहेत. एकटा गाणारा-वाजवणारा असेल तर याच जातकुळीचा अँप घ्यावा. इलेक्ट्रिक गिटारचा जुना अँप घरात पडलाय म्हणून तो नेऊ नये; त्याचा १२ इंची स्पीकर ५००० हर्ट्झच्या वर जवळजवळ गप्प असतो आणि अकूस्टिकच्या तारांचा झणकार नेमका तिथेच असतो.

वीज नसलेल्या जागी, समजा पाळोळेच्या किनाऱ्यावर किंवा भीमाशंकरच्या वाटेवरच्या शिबिरात, बॅटरीवाले खोके लागतात. रोलंडचा क्यूब स्ट्रीट सहा पेन्सिल सेलवर चालतो आणि देतो अवघे ५ वॅट. दहा-पंधरा माणसांच्या घोळक्याला ते पुरतात. बोसचा एस १ प्रो सुमारे ७ किलोचा. त्याची लिथियम बॅटरी ११ तासांपर्यंत चालते असं कंपनी सांगते. हे हलके खोके शक्य झाले ते क्लास-डी अँपमुळे. जुन्या पद्धतीचे अँप निम्मीअर्धी वीज उष्णतेत घालवत. क्लास-डी ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून ८५-९० टक्के वीज स्पीकरपर्यंत पोचवतो. उष्णता पसरवणारे जड पंखे त्यानेच घालवले.

बोसनेच २००३ साली ‘एल १’ नावाचा उंच, सडपातळ खांब आणला. चोवीस छोटे स्पीकर एकावर एक रचलेले. उभी ओळ आवाज आडवा पसरवते, वर-खाली कमी सांडते, त्यामुळे जवळच्या काही मीटरांत दुप्पट अंतराला ६ ऐवजी ३ च डेसिबल जातात. खांब वादकाच्या मागे उभा राहतो आणि वादक व श्रोते एकच आवाज ऐकतात. बुटक्या खांबांत मात्र हा करामतीचा भाग फक्त वरच्या सुरांपुरता उरतो. वरच्या मजल्यावरच्या कॅफेत जिन्यावरून ही सगळी उस्तवार कोण वाहणार, हाही प्रश्न आहेच.

दोन गोष्टी सरळ टाळाव्यात. गणपतीच्या मांडवातला भोंगा. तो भाषणासाठी घडवलेला असतो आणि तीनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही, तर गिटारची जाडी तार ८२ हर्ट्झपासून सुरू होते. आणि घरातला ब्लूटूथ स्पीकर. ब्लूटूथने आवाज बहुधा शंभर ते दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. दीडशे मिलिसेकंद म्हणजे पन्नास मीटरांवर ठेवलेल्या स्पीकरकडे ऐकत वाजवणं, ताल सुटणारच.

विजेबद्दल कडक बोलावं लागेल. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्झी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी याचा मंचावर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागला आणि तो जागीच गेला. तारा एका हातात आणि माइक ओठांशी, म्हणजे गिटारवादक दोन उपकरणांमधला पूल असतो. दोन पिनांचा जुगाडू प्लग, तिसरी पिन कापलेली केबल, टेस्टर लावल्यावर माइकच्या जाळीवर पेटणारा दिवा, यांतलं काहीही दिसलं तर कार्यक्रम थांबवावा. गिटार आणि माइक एकाच अर्थिंग असलेल्या सॉकेटमधून घेतले की गुणगुण करणारा ५० हर्ट्झचा हमही पुष्कळदा निघून जातो.

आणि कायदा. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते आणि उघड्यावर तो रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवावा लागतो. सभागृहासारख्या बंद जागांना सूट आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. वरचा हिशेब आठवला तर ६० वॅटसुद्धा उघड्या गच्चीवर जास्त ठरतात.

चाळीस माणसांसाठी शिफारस अशी: दोन चॅनलचा ६० वॅटचा अकूस्टिक अँप, एक तिपाई, एक रबरी झाकण, आणि उरलेले पैसे चांगल्या पिकअपवर. खरेदीला जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्यावी. दुकानातली भारी गिटार लावून ऐकू नये. कोणाला तरी वाजवायला बसवून आठ मीटर मागे जाऊन उभं राहावं, तोपर्यंत पैसे देऊ नयेत.