ग्रूव्हेलिनस लिओनार्डोडिकॅप्रिओई : बोर्निओतील एका सूक्ष्म जलभुंगेऱ्याचा शोध, वर्णन व नामकरण

प्रस्तावना

एप्रिल २०१८ मध्ये ‘झूकीज’ या प्राणिवर्गीकरणाला वाहिलेल्या शोधनियतकालिकात मलेशियाच्या साबा राज्यातील, म्हणजे बोर्निओ बेटावरील, तीन नव्या जलभुंगेऱ्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. हेंड्रिक फ्राइताग, क्लिस्टर पांगांतिहोन आणि इव्हा न्यूनिच हे त्याचे लेखक होत. तिघांपैकी एका भुंगेऱ्याला हॉलिवूडमधील अभिनेते लिओनार्डो डिकॅप्रिओ यांचे नाव दिलेले असल्यामुळे वृत्तपत्रांनी त्या एकाचीच दखल घेतली. नावाच्या या झगमगाटात मूळ प्राणी मात्र झाकला गेला. जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा हा काळा कीटक पाण्याखाली श्वास कसा घेतो, त्याला नवी जात ठरवण्यासाठी काय सिद्ध करावे लागते आणि त्याचे नाव कोणत्या नियमांनी बांधलेले असते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अधिवास

साबाच्या दक्षिण-मध्य भागातील मालियाऊ खोरे चहूबाजूंनी उभ्या कड्यांनी वेढलेले आहे. सुमारे पंचवीस किलोमीटर व्यासाची ही प्रचंड परात वाळूखडक व पंकखडक यांची बनलेली आहे. खोऱ्यातील बहुतेक सर्व पाणी एकाच नदीने बाहेर पडते. पानांच्या कुजण्यातून उतरणाऱ्या टॅनिनमुळे तेथील ओढ्यांना कोऱ्या चहाचा रंग येतो. १९४७ साली एका ब्रिटिश वैमानिकाचे विमान या कड्यांवर आदळता आदळता वाचले, तेव्हा बाहेरच्या जगाला या प्रदेशाची प्रथम वार्ता लागली, असे सांगितले जाते. १९८१ मध्ये हा प्रदेश संरक्षणासाठी राखून ठेवण्यात आला आणि १९९७ मध्ये त्याला राखीव वनाचा प्रथम दर्जा मिळाला. सुमारे ५८८ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यामुळे वृक्षतोडीपासून वाचले. बोर्निओच्या इतर सखल अरण्यांचे काय झाले हे पाहता ही गोष्ट लहान नाही.

२०१७ च्या उत्तरार्धात ‘टॅक्सॉन एक्स्पिडिशन्स’ या संस्थेची पहिली मोहीम येथे गेली. व्यावसायिक कीटकशास्त्रज्ञांसोबत विज्ञानाची आवड असणारे सामान्य नागरिक हे या मोहिमेचे वैशिष्ट्य होते. एका धबधब्यापाशी ओढ्यातून गोळा केलेल्या नमुन्यांत हे भुंगेरे मिळाले. अशा कीटकांसाठी वापरावयाची रीत साधी असते. प्रवाहाच्या खालच्या अंगाला बारीक जाळी धरायची आणि वरच्या अंगाची खडी पायाने ढवळायची. सुटलेले प्राणी प्रवाहाबरोबर जाळीत येतात. त्यानंतरचे काम मात्र साधे नसते. वाळू, पालापाचोळा आणि अळ्या यांच्या गाळातून तीन मिलिमीटरचा भुंगेरा वेचून काढावयास सवयीची नजर लागते. ती नजर मोहिमेत कमावता येते, हे येथे नागरिकांनी दाखवून दिले.

कुल आणि प्रजाती

हा भुंगेरा कोलिऑप्टेरा म्हणजे ढालपंखी गणातील एल्मिडी कुलात मोडतो. येथे ‘प्रजाती’ हा शब्द जातीच्या वरच्या पायरीसाठी वापरला आहे. ग्रूव्हेलिनस ही प्रजाती इंग्रज कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज चार्ल्स चँपियन यांनी १९२३ साली स्थापिली. तिच्या नावात फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ ग्रूव्हेल यांची स्मृती आहे. चँपियन यांचा भारताशी निकटचा संबंध होता. त्यांचे पुत्र हॅरी चँपियन कुमाऊँ भागात वनाधिकारी होते आणि तेथून त्यांनी पाठवलेल्या भुंगेऱ्यांवर पित्याने दीर्घ लेखमाला लिहिली. भारतातील वनप्रकारांचे जे वर्गीकरण वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासावे लागते, ते याच पुत्राने १९३६ मध्ये मांडले.

एल्मिडी कुलातील भुंगेरे जलचर असूनही त्यांना पोहता येत नाही. पाणभुंगेरा म्हटल्यावर वल्ह्यासारखे पाय मारीत डबक्यात फिरणारा मोठा कीटक डोळ्यांपुढे येतो. त्याच्याशी यांचे साम्य नाही. यांचे पाय लांब, नखे दणकट व वाकडी असतात. वाहत्या पाण्यातील दगडाला, मुळाला किंवा बुडालेल्या ओंडक्याला घट्ट पकडून ते शेवाळ व कुजलेले वनस्पतिजन्य पदार्थ खात रांगतात. पकड सुटली की प्रवाह त्यांना वाहून नेतो.

श्वसनाची युक्ती

या कुलाची खरी नवलाई श्वसनात आहे. डबक्यातील पाणभुंगेरे पंखाखाली हवेचा बुडबुडा घेऊन बुडी मारतात. बुडबुड्यातील ऑक्सिजन वापरला गेला की त्याचा आंशिक दाब घटतो आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन विसरणाने आत येतो. म्हणजे बुडबुडा काही काळ कल्ल्याचे काम करतो. परंतु त्याच वेळी त्यातील नायट्रोजन हळूहळू पाण्यात निघून जात असतो. बुडबुडा आक्रसतो आणि कीटकाला पुन्हा पृष्ठभागावर यावे लागते.

एल्मिडी भुंगेऱ्याला वर येण्याची गरज पडत नाही. त्याच्या शरीराच्या काही भागांवर अतिसूक्ष्म, जलरोधी रोमांची दाट लव असते. या लवेत हवेचा एक पातळ थर कायमचा अडकून राहतो. त्याला प्लॅस्ट्रॉन म्हणतात. रोम इतके जवळजवळ असतात की पृष्ठताणामुळे पाणी त्यांच्यामध्ये शिरू शकत नाही. त्यामुळे थराचे आकारमान बदलत नाही, नायट्रोजनला बाहेर पडण्याचे कारण उरत नाही आणि ऑक्सिजन मात्र अखंड आत येत राहतो. केंब्रिज येथे थॉर्प व क्रिस्प यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ॲफेलोकायरस या जलढेकणाच्या प्लॅस्ट्रॉनवर एका चौरस मिलिमीटरमध्ये वीस लाखांहून अधिक रोम आढळले. भुंगेरे आणि ढेकूण हे दोन वेगळे गण आहेत. तरीही दोघांना स्वतंत्रपणे हाच उपाय सापडला.

या व्यवस्थेला एक अट आहे. प्लॅस्ट्रॉन हा दुतर्फा चालणारा दरवाजा आहे. भोवतालच्या पाण्यात ऑक्सिजन कमी झाला, तर थरातील ऑक्सिजन उलट पाण्यात जाऊ लागतो. म्हणून हे भुंगेरे खळखळत्या, थंड, स्वच्छ ओढ्यांत आढळतात आणि पाण्याच्या शुद्धतेचे निदर्शक म्हणून जगभर वापरले जातात. गाळाने खडीतील फटी बुजल्या की त्यांचा ठाव जातो. साबण व धुण्याची पावडर तर थेट घातक ठरते, कारण ती पृष्ठताण कमी करते. मग लव भिजते, हवेचा थर मोडतो आणि पाण्यातच जन्म काढणारा कीटक पाण्यात बुडून मरतो. ओढ्याकाठी धुणी धुण्याचा प्रघात असलेल्या कोणत्याही प्रदेशात, सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतही, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

नवी जात कशी ठरते

मालियाऊतील भुंगेरा काळा असून त्याचे डोके अंशतः आत ओढले जाऊ शकते आणि डोळे किंचित बाहेर आलेले असतात. एवढ्या वर्णनावर मात्र कोणतीही जात सिद्ध होत नाही, कारण ग्रूव्हेलिनस प्रजातीतील जाती वरवर पाहता एकमेकींसारख्या दिसतात. शरीराचे प्रमाण, वक्षाच्या पाठीवरील रचना, पंखकवचांवरील ठिपक्यांच्या रांगा, पोटाकडील लवेची मांडणी आणि विशेषतः नराच्या जननेंद्रियांचा आकार यांची पूर्वी वर्णिलेल्या जातींशी बारकाईने तुलना करावी लागते. ही तुलना म्हणजे जुन्या संग्रहालयांतील नमुने व शंभर वर्षांपूर्वीचे निबंध यांच्याशी केलेला संवाद होय. २००३ पासून रुळलेल्या डीएनए बारकोड पद्धतीने यात मोठी भर घातली आहे. अळी व प्रौढ यांचे रूप इतके भिन्न असते की दोघे एकाच जातीचे आहेत हे बारकोडवाचून ठरवणे पुष्कळदा अवघड जाते. तथापि बारकोड हा पर्याय आहे, असे मानणे घाईचे ठरेल. कोणत्या जातीशी तुलना करायची हे सांगणारा जाणकार नसेल, तर अक्षरांची ती मालिका मुकीच राहते.

असे जाणकार थोडे आहेत. येख व बाल्के यांनी २००८ मध्ये केलेल्या आढाव्यानुसार जगात जलभुंगेऱ्यांच्या सुमारे १८,००० जाती असाव्यात आणि त्यांपैकी तोवर सुमारे १२,६०० जातींचेच वर्णन झालेले होते.

नावाचा प्रश्न

नव्या जातींची नावे मोहिमेत सहभागी झालेल्यांनी मतदानाने निवडली. डिकॅप्रिओ यांच्या पर्यावरणनिधीला २०१८ मध्ये वीस वर्षे पूर्ण होत होती, म्हणून त्यांचे नाव पुढे आले. दुसऱ्या भुंगेऱ्याला डच अंतराळवीर आंद्रे कायपर्स यांचे नाव मिळाले आणि तिसरा ग्रूव्हेलिनस क्वेस्ट झाला. पुरुषाच्या नावास लॅटिन षष्ठीचा ‘ई’ हा प्रत्यय जोडून विशेषनाम तयार करण्याची पद्धत जुनी आहे. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेला नावामागील व्यक्ती कोण, याच्याशी कर्तव्य नसते. वर्णन प्रसिद्ध झालेले असावे, भेददर्शक लक्षणे सांगितलेली असावीत आणि नामधारक नमुना निश्चित केलेला असावा, एवढेच ती मागते.

प्रसिद्धीसाठी केलेले असे नामकरण उथळ आहे, असा आक्षेप घेतला जातो. या प्रकरणात तरी तो फारसा टिकत नाही. डिकॅप्रिओ यांनी आपल्या फेसबुक पानावर या भुंगेऱ्याचे चित्र लावले आणि एल्मिडी हा शब्द ज्यांच्या कानावर कधी पडला नसता अशा असंख्य लोकांपर्यंत हा कीटक पोहोचला. खरा धोका वेगळा आहे. नाव एकदा दिले की अग्रक्रमाच्या नियमाने ते टिकते; व्यक्तीची कीर्ती टिको वा न टिको. डिकॅप्रिओ यांचा निधी २०१९ मध्ये दुसऱ्या संस्थेत विलीन झाला, भुंगेऱ्याचे नाव तेच राहिले. १९३७ मध्ये स्लोव्हेनियातील गुहांत राहणाऱ्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला हिटलरचे नाव देण्यात आले. ते आजही वैध आहे आणि त्या नावापायी स्मृतिवस्तू जमवणारे लोक त्या जातीच्या जिवावर उठले. नैतिक कारणास्तव नावे बदलण्यास प्राणिनामकरण आयोगाने २०२३ मध्ये नकार दिला. नावांचे स्थैर्य गेले तर साऱ्या जुन्या वाङ्मयाचा दुवा तुटेल, हा त्यामागील विचार पटण्याजोगा आहे; पण त्यामुळे नाव देणाऱ्याची जबाबदारी वाढते.

नामधारक नमुना कोठे ठेवला जातो, हा त्यापुढील प्रश्न होय. वर्णनाविषयी पुढे शंका आल्यास निर्णय त्याच एका नमुन्यावरून होतो. भारतात जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या जातीची माहिती नियुक्त भांडारांना कळवणे व साक्षी नमुना तेथे जमा करणे बंधनकारक आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत मद्यार्काच्या कुपीत ठेवलेल्या आणि सेवानिवृत्तीनंतर कोणी न उघडलेल्या संग्रहांना हे कलम लागू होते, ते त्यांतून नवी जात वर्णिली जाईल तेव्हाच. तोवर कुपीतील मद्यार्क उडून न जाऊ देणे एवढेच त्या विभागाच्या हाती असते.