अंगणातील गुलमोहर

मृग लागण्यापूर्वी आपण कौले चाळतो, पन्हळी साफ करतो; परंतु त्याच कौलांवर ओणवलेल्या गुलमोहराकडे मान वर करून पाहण्याचे मात्र आपणांस सुचत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. मूळचा मादागास्करचा हा वृक्ष जितका देखणा तितकाच लाकडाने ठिसूळ, आणि त्याची मुळे उथळ पसरणारी असल्यामुळे, बुंध्याला भिडवून फरशी घातली की हवापाण्यास मुकून ती निकामी होतात, व भिजल्या मातीत सोसाट्याच्या वाऱ्यासरशी सबंध झाड उन्मळते. बुंध्याशी उगवलेली भूछत्रे हे आतील सडीचे पूर्वचिन्ह समजावे.

धोकादायक फांदी पावसापूर्वी उतरवायची, तर आधी तिचा जोड पाहावा. फांदी खोडाला मिळते तेथे, कोपराच्या कातडीसारखी सुरकुतलेली, एक फुगीर वळी असते. अमेरिकन संशोधक ॲलेक्स शिगो यांनी असंख्य खोडे चिरून दाखवून दिले की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड सडका भाग आतल्या आत कोंडून टाकते, आणि ती वळी या कामी त्याची तटबंदी होय. म्हणून फांदी कापताना प्रथम वळीपासून हातभर अंतरावर खालून अर्धवट, मग थोडे पुढे वरून कापून भार उतरवावा, म्हणजे साल ओरबाडली जात नाही. आणि अखेरीस वळी राखून खुंट काढावा. शेंडा छाटण्याचा सर्रास प्रघात मला क्रौर्यच वाटतो, कारण तेथून फुटणारे धुमारे कच्च्या जोडाचे असतात.

विजेच्या तारांनजीकच्या फांदीला घरमालकाने हात लावूच नये. झाड स्वतःच्या मिळकतीत असले, तरी शहर हद्दीत ते तोडण्यास महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमान्वये वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. परवानगीचा अर्ज उन्हाळ्यातच दाखल करावा.