खेळाच्या यंत्रातील वही

नव्वदच्या दशकात मराठवाड्यातील गावोगावच्या बाजारपेठांत टीव्हीला जोडायचे एक गेमयंत्र मिळू लागले. पिवळी किंवा काळी ‘कॅसेट’ त्यात खोचायची आणि मारिओ किंवा काँट्रा खेळत बसायचे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली बाजारात आणलेल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ची ती स्वस्त नक्कल होती. त्यांपैकी काही यंत्रांबरोबर टंकफलक, म्हणजे कीबोर्डही येत असे. आज पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या अनेकांना तो आठवत असेल. मात्र तो कशासाठी दिला आहे, हे फार थोड्या घरांत कोणी विचारले. खेळण्यासाठी त्याची आवश्यकता नव्हती. तो लिहिण्यासाठी होता.

निन्टेन्डोने १९८४ साली ‘फॅमिली बेसिक’ नावाची कॅसेट व तिच्यासोबत टंकफलक विक्रीस आणला होता. मुलांनी केवळ तयार खेळ न खेळता स्वतःचा छोटा खेळ रचून पाहावा, हा त्यामागील विचार. त्यातील ‘बेसिक’ ही भाषा त्याहून वीस वर्षांनी जुनी. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयातील जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी ती तयार केली आणि १ मे १९६४ रोजी तिच्यातील पहिल्या आज्ञावली चालल्या. साहित्य, इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. भाषेच्या पूर्ण इंग्रजी नावाचा पहिला शब्दच ‘नवशिक्यांची’ असा आहे.

व्यापारी घरातील वाचकांना या भाषेची रचना समजण्यास अडचण येऊ नये. आज्ञावली म्हणजे यंत्राला क्रमाने दिलेल्या सूचनांची यादी. ‘चल’ म्हणजे गल्ल्यातील एक कप्पा. त्यावर नाव लिहिलेले असते आणि आतील रक्कम बदलत राहते. ‘जर-तर’ ही आज्ञा आपण रोज मनातल्या मनात देतोच : मागील बाकी चुकती असेल तर माल उधार द्यावा, नसेल तर रोखीने द्यावा. जुन्या बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला क्रमांक द्यावा लागे आणि जाणकार तो दहा, वीस, तीस असा देत. पुढे एखादी ओळ राहून गेल्याचे लक्षात आले, तर पंधरा क्रमांक देऊन ती मध्ये घालता यावी म्हणून. वहीत जागा सोडून लिहिण्याची दूरदृष्टी ती हीच.

या भाषेची एक मर्यादा मोठी बोधप्रद आहे. फॅमिली बेसिकला अपूर्णांक कळत नसत आणि ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या तिच्या कप्प्यात मावत नसे. कारण साधे आहे. प्रत्येक संख्येसाठी यंत्र सोळा ‘बिट’ राखून ठेवी. सोळा जागी शून्य किंवा एक मांडून ६५,५३६ संख्या दाखवता येतात. त्यांतील अर्ध्या उणे संख्यांसाठी गेल्या की शून्यापासून ३२,७६७ पर्यंतच्याच उरतात. म्हणजे चाळीस हजारांचे शेकडा दीड रुपया दराने तीन महिन्यांचे व्याज, जे आपले वडीलधारे तोंडी अठराशे सांगतात, ते या यंत्राला सरळपणे मांडताच येत नव्हते. रक्कम मावत नाही आणि दीड समजत नाही! आधी रक्कम शंभराने भागून घ्यावी, दर दुप्पट करून शेवटी निम्मे करावे, अशी युक्ती लिहिणाऱ्यालाच शोधावी लागे. चाळीस हजारांचे चारशे, गुणिले तीन, गुणिले तीन, भागिले दोन : उत्तर अठराशे. अशा अडचणीतूनच बुद्धीला धार येते.

तशी धार आलेल्यांपैकी एक म्हणजे जपानचे सातोशी ताजिरी. खेळ आतून कसे चालतात हे समजून घेण्यासाठी त्यांनी तरुणपणी फॅमिली बेसिकचा अभ्यास केला. १९८९ साली त्यांची ‘गेम फ्रीक’ ही कंपनी उभी राहिली आणि १९९६ साली तिने ‘पोकेमॉन’ बाजारात आणला. प्रत्येक मुलाच्या हातून असे काही घडेल, असे मानण्याचे कारण नाही. खेळण्याच्या वस्तूतून व्यवसायाची वाट निघू शकते, एवढेच यावरून ध्यानात घ्यावे.

गेमयंत्रावरील भाषेची आणखी एक कथा कर भरणाऱ्या वाचकांना रुचेल. सोनी कंपनीने २००० साली युरोपात ‘प्लेस्टेशन २’ विक्रीस आणले, तेव्हा सोबतच्या तबकडीवर ‘याबेसिक’ ही भाषा घातली होती. त्या वेळी युरोपात खेळाच्या यंत्रावर आयात शुल्क होते, संगणकावर नव्हते. आपले यंत्र संगणक ठरावे म्हणून ही तजवीज केली गेली, असे मानले जाते. वर्गीकरणाचा हा वाद न्यायालयातही गेला. वस्तू कोणत्या एचएसएन कोडखाली बसते यावरून होणारी ओढाताण आपल्याला नवी नाही. हेतू शुल्क वाचवण्याचा असो वा अन्य. त्या तबकडीमुळे कित्येक मुलांना पहिली आज्ञावली लिहिता आली, हा लाभ निराळाच.

आज याकरिता गेमयंत्र विकत घेण्याचीही गरज उरलेली नाही. अमेरिकेतील एमआयटी संस्थेने २००७ साली ‘स्क्रॅच’ ही भाषा सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. तिच्यात टंकन जवळजवळ नाही. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवत मूल खेळ किंवा चित्रकथा रचते. आठ वर्षांचे मूल ती हाताळू शकते आणि दुकानातील जुन्या संगणकावरही ती बहुधा चालते. थोड्या मोठ्या मुलांसाठी ‘टिक-८०’ हे काल्पनिक गेमयंत्र आहे. २४० बाय १३६ ठिपक्यांचा पडदा आणि सोळा रंग, एवढ्याच सामग्रीत खेळ बसवायचा. हेदेखील विनामूल्य मिळते.

आठवी-नववीच्या मुलांनी ‘पायथन’कडे वळावे. या भाषेतील मूळ आज्ञा इंग्रजी असल्या तरी कप्प्यांना देवनागरीत नावे देता येतात. ‘मुद्दल’, ‘दर’, ‘महिने’, ‘व्याज’ असे शब्द लिहिले, तरी यंत्र तक्रार करत नाही. इतकेच नव्हे, आज्ञावली चालू असताना कोणी ‘४००००’ ही रक्कम देवनागरी अंकांत टंकली, तरी पायथन ती संख्या म्हणून ओळखते. मराठी माध्यमातील मुलाला हे किती धीर देणारे आहे! आजोबांना व्याजाची रीत विचारावी, ती पायऱ्यापायऱ्यांनी लिहावी आणि उत्तर त्यांच्या तोंडी हिशेबाशी ताडून पाहावे. दोन पिढ्यांना एकत्र बसवणारा असा गृहपाठ दुसरा कोणता असेल?

येथे एका गंभीर प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक टप्प्यापूर्वीच कोडिंगची ओळख करून देण्याचा उल्लेख आला. त्याच सुमारास मुलांच्या कोडिंगच्या ऑनलाइन शिकवण्यांच्या जाहिरातींनी पालकांना भंडावून सोडले. मूल मागे पडेल, या भीतीवर मोठी शुल्के आकारली गेली. ‘लातूर पॅटर्न’चा लौकिक असलेल्या आपल्या भागात ही भीती लवकर रुजते, प्रत्येक गोष्टीची शिकवणी, चाचणी आणि क्रमांक लागतो. अकरावी-बारावीत छंदाला वेळ मिळत नाही, हे वास्तव आहे. म्हणूनच पाचवी ते नववी ही वर्षे मोलाची. त्या वर्षांतील छंदालाही आपण गुणपत्रिकेला जुंपले, तर मुलाजवळ त्याचे स्वतःचे असे काय उरेल?

पालकांसाठी काही व्यवहार्य सूचना. पैसे भरण्यापूर्वी तीन महिने विनामूल्य साधने वापरून पाहावीत. शाळेत केंद्र शासनाच्या योजनेतील ‘अटल टिंकरिंग लॅब’ आहे का, याची चौकशी करावी. ती सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असते. स्क्रॅचच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केलेले काम सर्वांना दिसते. तेथे मुलाचे पूर्ण नाव, छायाचित्र वा दूरध्वनी क्रमांक देऊ नये. दुकानाच्या खऱ्या ग्राहकांच्या नोंदी सरावासाठी वापरू नयेत. आज्ञावली लिहिणे हेही पडद्यासमोरच घडते, तेव्हा वेळेचे बंधन येथेही हवे. मुलींनाही हा संगणक मुलांइतकाच खुला असावा.

मूल पुढे अभियंता होईल, सनदी लेखापाल होईल किंवा आपल्याच आडत दुकानात बसेल. तेरीज जुळत नाही तेव्हा मुरलेला मुनीम वहीला दोष देत नाही. पानामागून पान तपासत चूक सापडेपर्यंत बसून राहतो. न चालणाऱ्या आज्ञावलीसमोर बसलेल्या मुलालाही हेच करावे लागते, आणि ही बैठक शिकवणीत विकत मिळत नाही. ‘आज किती वेळ खेळलास?’ असे रागावण्यापूर्वी एखाद्या सायंकाळी ‘आज काय बनवलेस, मला दाखव’ असे म्हणून पाहावे आणि त्याने बनवलेला तो वेडावाकडा खेळ स्वतः एकदा खेळावा.