झोग्राफी म्हणजे चितारी

गोव्यात किंवा सावंतवाडीकडे ‘चितारी’ हे आडनाव ऐकले की त्या घरात कधीतरी पिढ्यान्‌पिढ्या रंगकाम झाले असणार, हे लगेच कळते. अल्बेनियातल्या कोर्चा शहराचे कोस्टाँडिन आणि अथानास हे दोन भाऊ असेच ‘झोग्राफी’ म्हणून ओळखले जात. ग्रीक भाषेत झोग्राफोस म्हणजे चित्रकार. अठराव्या शतकात त्यांनी ठिकठिकाणची ऑर्थोडॉक्स चर्च रंगवली आणि माउंट एथॉसच्या मठांतही काम केले. पुढे कोस्टाँडिनचा मुलगा तेरपो याने हाच व्यवसाय चालवला.

हे काम एकट्यादुकट्याचे नव्हेच. भित्तिचित्रासाठी चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग लावावे लागतात. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, घट्ट होतो आणि रंग भिंतीचाच भाग बनतो. म्हणून हात सराईत हवा; चुकले तर गिलावा खरवडून पुन्हा सुरुवात. आयकॉन, म्हणजे पूजेतली संतांची चित्रे, लाकडी फळीवर काढतात. फळीला आधी पांढरा लेप देतात, मग अंड्याच्या बलकात घोटलेले रंग आणि पार्श्वभूमीला सोन्याचा वर्ख. असे कसब पुस्तकातून येत नाही. ते वडिलांच्या किंवा गुरूच्या शेजारी बसूनच शिकावे लागते.

या परंपरेतले सर्वांत मोठे नाव ओनुफ्री. सोळाव्या शतकातला हा चित्रकार स्वतः धर्मगुरूही होता. आज ग्रीसमध्ये असलेल्या कास्तोरिया शहरात त्याने 1547 मध्ये चर्च रंगवले. त्याचा झळझळीत लाल रंग आजही लोकांना थांबवतो. मुलगा निकोला याने वडिलांचा हात उचलला आणि 1578 मध्ये बेरातच्या किल्ल्यातले सेंट मेरी चर्च रंगवले. पण तो लाल नेमका कसा करायचा, ते गुपित मात्र या घराबरोबरच गेले असे बेरातमध्ये सांगतात.

दुसरे महत्त्वाचे गाव वोस्कोपोया. आज डोंगरातले लहानसे खेडे असलेले हे गाव अठराव्या शतकात व्यापाऱ्यांचे भरभराटीचे शहर होते. तिथे छापखाना होता, अकादमी होती. अनेक घरांत अरोमानियन बोलली जाई, आजूबाजूला अल्बेनियन, चर्चमध्ये आणि शाळेत ग्रीक, आणि राज्य तुर्कांचे. बेळगाव, इंदूर, वडोदऱ्यात वाढलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको! इथले सेंट निकोलस चर्च डेव्हिड सेलेनिकाने 1726 मध्ये रंगवले. झोग्राफी बंधूंचे कामही याच गावात आहे. 1769 मध्ये शहराची लूट झाली, पुढे व्यापारी पांगले. चित्रे राहिली.

खरी कसोटी मात्र विसाव्या शतकात आली. 1967 मध्ये एन्वर होजाच्या सरकारने सर्वच धर्मांच्या आचरणावर बंदी घातली. चर्च आणि मशिदी बंद झाल्या. कित्येक पाडल्या, कित्येकांची गोदामे झाली. ज्या थोड्या इमारती सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवल्या गेल्या, त्या वाचल्या. म्हणजे प्रार्थनेला परवानगी नव्हती, पण प्रार्थनेसाठी काढलेल्या चित्रांना होती. बंदी चालू असतानाच 1986 मध्ये बेरातच्या किल्ल्यातल्या जुन्या कॅथेड्रलमध्ये संग्रहालय उघडले आणि त्याला नाव दिले ओनुफ्रीचे. धर्मावरची बंदी उठली ती 1990 मध्ये.

चारशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या हाताची नक्कल आज करता येईल, पण ओनुफ्रीच्या लालाची कृती कुणी लिहून ठेवली नाही. आपल्या घरातही एखादे काम, एखादी कृती फक्त आजीच्या किंवा आजोबांच्या हातात असेल. या सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून ती शिकून घ्या, आणि आपल्या आडनावामागे कोणते काम आहे तेही विचारून ठेवा.